जुनं व्हीलिंग मशीन चालतं करताना

बस-बॉडी बांधणाऱ्या एका बंद शेडच्या मागच्या अंगाला ते उभं होतं. पुरुषभर उंच, बिडाचं, इंग्रजी 'सी'सारखं वाकलेलं. वरच्या जबड्यात आठ इंची सपाट चाक, खालच्या जबड्यात मुठीएवढं, मध्यभागी किंचित फुगीर चाक, आणि त्याच्या बुडाशी पायाने फिरवायची चकती. तीन पावसाळे अंगावर घेऊन सगळं तांबूस झालेलं. मालक ते किलोच्या भावाने भंगारात काढणार होते. मी तिथूनच आमच्या मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी कुठल्या कंपनीचं आहे ते विचारलं नाही, किंमत विचारली नाही. म्हणाले, "आतल्या वळणाला चीर आहे का बघ. ती नसेल तर बाकीचं आपलं आपण करू."

त्या फोनपासून मशीनमधून पहिला धड पत्रा निघेपर्यंत सात महिने गेले. दिवसा नोकरी, संध्याकाळी आणि रविवारी हे. पत्राकामात नवीन आलेल्या, आयटीआयमधून शीट मेटलचा ट्रेड करून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी ते सगळं इथे लिहून ठेवतोय. आधीची पाच वर्षं मी डेंटिंग, म्हणजे गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करायचं काम केलं, त्यात मला पत्रा जेवढा कळला नव्हता तेवढा या सात महिन्यांत कळला. आणि हे मशीन चालवणारे हात आपल्याकडे आता फार थोडे राहिलेत, म्हणूनही लिहितोय.

आधी मशीन काय करतं ते. आपल्याकडे व्हीलिंग मशीन म्हणतात, बाहेर इंग्लिश व्हील हे नाव जास्त चालतं. मोटारींच्या बॉड्या हाताने घडत होत्या त्या काळात ब्रिटनमधल्या कोचबिल्डरांच्या शेडमध्ये हे ठरलेलं असायचं, आणि विमानांच्या पत्र्यांसाठीही वापरलं जायचं. दोन चाकांच्या मध्ये पत्रा धरायचा, खालून स्क्रूने दाब द्यायचा आणि पत्रा पुढे-मागे ओढत राहायचं. दाबाखाली आलेली अरुंद पट्टी किंचित पातळ होते. पोळी लाटताना जिथे लाटणं फिरतं तिथे ती पातळ होऊन पसरते, तसंच. फरक एवढाच की पत्र्याच्या कडा हलत नाहीत. मधला भाग वाढला, त्याला सपाटीत मावायला जागा उरली नाही, की तो वर उचलला जातो. तीच गोलाई. मडगार्ड, बॉनेट, दाराचा फुगवटा, पेट्रोलची टाकी, सगळी याच एका गोष्टीतून निघतात. हातोडा आणि डॉलीनेही (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) पत्रा पसरतोच, पण प्रत्येक ठोका आपली खूण मागे ठेवतो आणि त्या खुणा काढण्यात अर्धा दिवस जातो. चाक तोच ताण एकसारखा देतं.

आता मिस्त्रींनी आतलं वळणच का विचारलं ते. चाकांत दाब दिला की 'सी'चे दोन्ही जबडे एकमेकांपासून लांब जायला बघतात. तेव्हा बाहेरच्या पाठीवर दाब येतो आणि आतल्या वळणावर ओढ. बीड दाबाला दणकट, ओढीला कच्चं. त्याची दाब सोसायची ताकद ओढीच्या तीन-चार पट असते. म्हणून चीर पडायची तर आतूनच पडते, आणि एकदा पडली की दर दाबाला पुढे सरकते. बाहेरच्या पाठीवर किंवा पायाच्या कानाला (बाहेर आलेल्या पाकळीसारख्या भागाला) चीर असेल तर दुरुस्त होते. आतल्या वळणाला असेल तर नवशिक्याने ते मशीन घेऊ नये, कितीही स्वस्त मिळो.

चीर बघायची जुनी पद्धत मी तिथेच केली. वायर ब्रशने आतलं वळण घासून स्वच्छ केलं, रॉकेलऐवजी डिझेल चोपडलं आणि वीस मिनिटं थांबलो. मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून वर खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ हात दिला. स्पिरिट उडून पांढरा थर वाळला. चीर असती तर आत मुरलेलं डिझेल त्या पांढऱ्यावर काळपट रेघ काढून वर आलं असतं. मी टॉर्च घेऊन पंधरा मिनिटं त्या पांढऱ्याकडे बघत बसलो होतो. आतलं वळण शेवटपर्यंत पांढरंच राहिलं. डाव्या पायाच्या कानाला मात्र दीड इंचाची रेघ उमटली. मी मशीन घेतलं.

नेताना एक सांभाळा. असं मशीन वरून जड असतं आणि त्याचा तळ अरुंद. चाकं आणि खालचा स्क्रू आधी सोडवून वेगळे बांधले. सांगाडा पाठीवर झोपवून जुन्या टायरांवर ठेवला. पट्टे घातले ते पाठीच्या जाड भागाला. जबड्याला साखळी घालून उचललेलं मशीन रस्त्यात आपटल्याची गोष्ट मी दोघांकडून ऐकली आहे. वजनकाट्यावर ते ४१० किलो भरलं, तेव्हा दोन मित्र आणि एक टेम्पो यावर भागत नाही हेही कळलं. चेनपुली लागली.

घरी आणल्यावर प्रत्येकाला पहिल्यांदा रंग खरवडावासा वाटतो. मलाही वाटलं होतं. मिस्त्रींनी पहिले दोन आठवडे पान्याला हात लावू दिला नाही. वही आणि व्हर्निअर एवढंच. कुठला शाफ्ट किती जाडीचा, कुठला बोल्ट कुठल्या आट्यांचा, कुठला भाग कुठल्या बाजूने बसलाय, सगळं मापून लिहायचं. जोडाच्या दोन्ही अंगांना पंचने खुणा करायच्या, पहिल्या जोडाला एक टिंब, दुसऱ्याला दोन. मोबाइलवर फोटो काढायचेच, पण फोटोत उजवं-डावं चुकतं. पंचची खूण चुकत नाही.

तरी तिसऱ्या आठवड्यात माझा धीर सुटला. खालचं चाक ज्या बेचक्यात बसतं त्या योकची पिन निघत नव्हती. रोज डिझेल सोडत होतो, रोज ठोकून बघत होतो. एका रविवारी पाच पौंडी हातोडा उचलला आणि योकखाली आधार न लावता पिनेवर घाव घातला. तिसऱ्या घावाला योकचा एक कान तुटून फरशीवर पडला. तुटलेला पदर राखाडी, दाणेदार, ओल्या साखरेसारखा दिसत होता. मी तो हातात घेऊन बराच वेळ बसलो. एवढी वर्षं टिकलेली वस्तू माझ्या हातून तुटली, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

मिस्त्री आले, तुकडा बघितला, रागावले नाहीत. "बीड वाकत नाही पोरा. लोखंड मोडायच्या आधी वाकून दाखवतं, हे काही सांगत नाही." मग दुसऱ्या कानाची पिन कशी काढायची ते त्यांनी करून दाखवलं. योकच्या दोन्ही अंगांना सागाचे ठोकळे ठासले. पिनेपेक्षा थोडा मोठा पाइपचा तुकडा एका बाजूला, लांब बोल्ट आणि वायसर दुसऱ्या बाजूला, आणि नट आवळत पिन ओढून घेतली. कानाभोवती ब्लो-लॅम्पने सगळीकडून सारखी, हळूहळू ऊब दिली. एका जागी ज्योत धरली असती तर तोही कान तडकला असता. पाऊण तासात पिन बाहेर. हातोडा लागलाच नाही.

तुटलेला कान निकेलच्या वेल्डिंग रॉडने जोडता आला असता. पण दाबाचा सगळा भार योकवरूनच जातो, म्हणून आम्ही तो नवीन ओतून घ्यायचं ठरवलं. मी लाकडाचा पॅटर्न, म्हणजे वाळूचा साचा पाडायचा नमुना, केला. ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो, बिडासाठी साधारण एक टक्का धरतात, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा, आणि जिथे मशीनिंग होणार तिथे वर तीन मिलिमीटर जादा. कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगाव या भागांत ओतकामाचे कारखाने पुष्कळ आहेत. एका नगासाठी कुणी भट्टी लावत नाही, पण त्यांचा माल ओतायचा असेल त्या दिवशी आपला एक साचा बाजूला मांडू देतात, नीट विचारलं तर. योक साध्या बिडाऐवजी एसजी आयर्नचा ओतला. त्यात ग्रॅफाइट पाकळ्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात असतं, त्यामुळे धातू इतका ठिसूळ राहत नाही. पायाच्या कानाची चीर मात्र जागेवरच धरली. चिरेच्या दोन्ही टोकांना पाच मिलिमीटरची भोकं पाडली, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग मागून पट्टी बोल्टने कसली. तिथे भार उभा आणि दाबाचा आहे, एवढं पुरतं.

बोल्टांबद्दल थोडं, कारण जुन्या मशीनवर नवीन मुलं इथे हमखास फसतात. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या मशीनचे आटे व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी पद्धतीचे असतात. ५५ अंशांचा कोन, मापं इंचात. अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचाला १२ आटे असतात. आपला एम-१२, म्हणजे १२ मिलिमीटरचा बोल्ट, जाडीला जवळपास तेवढाच. दोन-तीन फेरे तो जातोही. मग अडतो, पान्याला नळी घालून आवळला की भोकातले बिडाचे आटे पीठ होऊन खाली पडतात. दशमान मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला. त्याआधीचं आणि नंतरही बरीच वर्षं बाहेरून आलेलं यंत्र हातात आलं की पहिली शंका इंचाची घ्यायची. आटे मोजायचं पिच गेज दोन्ही पद्धतींचं विकत घ्या, फार महाग नसतं. मला हवे ते बोल्ट पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले, बुधवारी आणि रविवारी जाऊन, डबेच्या डबे उपसून. काही शेवटी लेथवर करून घ्यावे लागले.

बेअरिंगचंही तेच. वरच्या चाकाचा शाफ्ट बरोबर एक इंचाचा, म्हणजे २५.४ मिलिमीटर. दुकानदाराने २५ चं बेअरिंग पुढे ठेवलं आणि म्हणाला, "शाफ्ट जरा घासून घ्या ना साहेब, सगळे घेतात." ०.४ मिलिमीटर घासलेला शाफ्ट पुन्हा कधी मूळ मापावर येत नाही, आणि हाताने घासलेला तर गोलही राहत नाही. इंचातलं टेपर रोलर बेअरिंग मिळतं. माझ्या शाफ्टला एल ४४६४३ हे आतलं अंग आणि एल ४४६१० ही बाहेरची कप असा जोड बसला. नंबर लिहून घेऊन चार दुकानं फिरा. चौथ्याकडे मिळतं.

गंजाला सांगाड्यावर वायर ब्रश आणि डिझेल, लहान भागांना धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगारातली साधी लोखंडी पट्टी धन टोकाला. स्टेनलेसची पट्टी कधीही लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करा. कडक केलेली चाकं या पाण्यात घालू नका, तो वायू पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. कोरडा घासू नका, ओला खरवडा, मास्क लावा, आणि तो कचरा अंगणात झटकू नका. रंगाबद्दल माझं एवढंच. तो मी सगळ्यात शेवटी दिला, राखाडी, ब्रशने.

आता चाकं. या मशीनचा जीव दोन चाकं जिथे भेटतात त्या बोटभर जागेत आहे. बाकी चारशे किलो बीड त्या जागेला हलू न देण्यासाठी. खर्चाचा सगळ्यात मोठा वाटाही मी तिथेच घातला, चाकांच्या ग्राइंडिंगवर आणि पाणी देण्यावर, म्हणजे पोलाद तापवून झटकन गार करून कडक करण्यावर. पैसे कमी असतील तर रंग सोडा, स्टँड सोडा, चाकांत काटकसर करू नका. चाकावर जे असेल ते प्रत्येक फेऱ्याला पत्र्यावर छापलं जातं.

वरच्या चाकावर गंजाचे खड्डे होते. नखाने ओढलं की नख अडकायचं. ट्यूबलाइटखाली धरून चाक हळूहळू फिरवलं की नळीचं प्रतिबिंब सरळ रेषेत सरकायला हवं. माझ्या चाकावर ती रेघ पाण्यात पडलेल्या काठीसारखी मोडत होती. डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) लावला तर फिरताना ०.१२ मिलिमीटरचा फरक. ग्राइंडिंगला दिलं. चकचकीत होऊन आलं, मी खूश. मशीनवर चढवून डायल लावला, तर अजून ०.०८.

यात काय झालं ते समजून घ्या, पुढे शंभर वेळा उपयोगी पडेल. ग्राइंडिंगवाल्याने चाक त्याच्याकडच्या मँड्रेलवर, म्हणजे काम धरायच्या दांड्यावर, धरलं होतं. चाक मँड्रेलला गोल झालं, पण मशीनवर ते फिरतं बेअरिंगच्या बैठकीवर, आणि त्या दोहोंचा मध्य एक नव्हता. दुसऱ्यांदा मी शाफ्ट, बेअरिंग आणि चाक असा पूर्ण जोड घेऊन गेलो आणि काम सुरू होईपर्यंत तिथेच थांबलो. चाक त्याच्याच शाफ्टवर, दोन सेंटरमध्ये धरून घासलं. आता डायलचा काटा एका रेघेच्या आत हलतो, म्हणजे ०.०१. तेव्हापासून कुठेही काम देताना मी आधी विचारतो, "हे धरणार कशावर?" सांगायला कुणी कंटाळा केला तर काम दुसरीकडे नेतो.

खालची चाकं मूळची पाच-सहा असावीत, प्रत्येकाचा फुगवटा वेगळा. माझ्या वाट्याला दोनच आली होती. फुगवट्याची त्रिज्या १२ इंच असलेलं चाक जवळजवळ सपाट, ते बॉनेट किंवा छतासारख्या लांब, मंद गोलाईला. फुगवट्याची त्रिज्या ३ इंच असलेलं चांगलंच फुगीर, ते हेडलाइटच्या वाटीसारख्या खोल आकाराला. नवशिक्याला वाटतं फुगीर चाकाने काम लवकर होतं. होतं, पण ते पत्र्यावर शेतातल्या सरींसारखे पट्टे सोडतं. आधी सपाटाकडचं चाक वापरायला शिका.

मधल्या त्रिज्येची दोन चाकं मी नवीन केली. ईएन ३१ हे बेअरिंगचं पोलाद, बाजारात सहज मिळतं. आधी पत्र्याचा फर्मा कापला, त्या त्रिज्येचा. लेथवर चाक उतरवताना दर हाताला फर्मा लावून मागून टॉर्च धरायची. जिथून उजेड येतो तिथे धातू कमी, जिथे फर्मा टेकतो तिथे जास्त. ग्राइंडिंगसाठी ०.४ मिलिमीटर ठेवून पाणी द्यायला दिलं. कडकपणा साठ रॉकवेलच्या आसपास आला. पाणी दिल्यावर मापं थोडी हलतातच, म्हणून तो जादा थर. ग्राइंडिंगनंतर लेथवर हळू फिरवत पॉलिश पेपर, ४००, मग ६००, मग १०००, रॉकेलसारख्या पातळ तेलात भिजवून. हँड-ग्राइंडर चाकाच्या जवळही आणू नका. त्याने पडलेला सपाट ठिपका डोळ्याला दिसत नाही, पत्र्याला दिसतो.

चाकं बसली की जुळणी. याला महागडं काही लागत नाही. दोन चाकांच्या मध्ये पांढरा कागद आणि कार्बन पेपर धरायचा, पायाच्या चकतीने अगदी थोडा दाब द्यायचा, सोडायचा. कागदावर एक लहानसा लांबट ठसा उमटतो. तो चाकाच्या बरोबर मध्यावर हवा. माझा पहिला ठसा मध्यापासून पाऊण सेंटिमीटर डावीकडे होता, म्हणजे वरचा आणि खालचा आस उभ्या अंगाने समांतर नव्हते. वरच्या शाफ्टच्या डाव्या बैठकीत पितळी शिम (पातळ पट्ट्या) घालत गेलो, ०.०५ चे पदर, दर वेळी नवा कागद. तेरा कागद झाले. वहीत ते अजून चिकटवून ठेवलेत, ठसा हळूहळू मध्यावर येताना दिसतो. दुसरा दोष आडव्या अंगाचा. आस एकमेकांना किंचित तिरके असतील तर ठसा मध्यावर येतो, पण पत्रा ओढताना आपोआप एका बाजूला पळतो. चार इंच रुंद, फूटभर लांब पट्टी हलक्या दाबाने चालवून बघा. सरळ येत असेल तर झालं. नसेल तर योकची बैठक सैल करून फिरवायची आणि पुन्हा पट्टी.

पहिला पत्रा ॲल्युमिनियमचा घ्या, १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटर. लोखंडी सीआरसी (थंड लाटलेल्या) पत्र्यावर शिकायला बसलात तर हात आणि धीर दोन्ही थकतात. कडा कानसीने मोडा. मशीनची चाकं आणि पत्रा दोन्ही सुती फडक्याने पुसा. दाब एवढाच की पत्रा हाताने ढकलता यावा. ओळीशेजारी ओळ, नांगरटीसारखी, अर्धी ओळ आधीच्या ओळीवर. वळायची जागा दर खेपेला बदला, नाहीतर तिथे कडेला वरवंट्यासारखी घडी उभी राहते. बोटं पत्र्याच्या कडेवर ठेवा, चाकाच्या रेषेत कधीच नाही. दोघं काम करत असाल तर बोलत राहा.

माझ्या पहिल्या पत्र्यावर बारीक टोचे उमटले, एका रांगेत, सारख्या अंतरावर. मी घाबरलो, सात महिने फुकट गेले असं वाटलं. मिस्त्रींनी खिशातून पट्टी काढली आणि दोन टोच्यांमधलं अंतर मोजलं. चोवीस सेंटिमीटर. "खालचं चाक," ते म्हणाले. तीन इंच व्यासाच्या चाकाचा घेर तेवढा असतो. वरच्या आठ इंचीचा दोष असता तर अंतर चौसष्टच्या आसपास आलं असतं. खालच्या चाकावर बोट फिरवलं तर राईच्या निम्म्याएवढा ॲल्युमिनियमचा कण चिकटलेला होता. लाकडाच्या चिपाटाने काढला. पुढचा पत्रा स्वच्छ आला.

थोडं चालवल्यावर पत्रा ऐकेनासा होतो. तेवढाच दाब, तेवढेच फेरे, पण गोलाई वाढत नाही. धातू दाबला, ठोकला की तो कडक होत जातो. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन एकदा उभे राहा. तांब्याच्या भांड्यावर मठार मारतात ते फक्त चमकत्या टिकल्यांसाठी नाही, त्या ठोक्यांनी भांडं कणखर होतं. तिथे जे हवं असतं ते आपल्याला अर्ध्या कामात नको असतं, म्हणून पत्रा तापवून मऊ करायचा. ॲल्युमिनियम तापल्यावर लाल होऊन सांगत नाही, एकदम गळून पडतं. त्यावर कपड्याच्या साबणाची वडी कोरडी घासायची आणि ज्योत फिरवत राहायची. साबण गडद तपकिरी, काळपट झाला की ज्योत काढायची. गार झाल्यावर पत्रा पुन्हा हाताला मऊ लागतो.

शिकायचं कसं, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. आयटीआयचा ट्रेड करा. मी केला तेव्हा तो एक वर्षाचा होता, आणि तिथली पत्रा उलगडून काढायची ड्रॉइंग्ज मला आजही लागतात. मग अप्रेंटिसशिप, शक्यतो जिथे हातकाम अजून चालतं अशा ठिकाणी: बस-बॉडी, डक्टिंग, हॉटेलच्या किचनची स्टीलची कामं, जुन्या गाड्यांची दुरुस्ती. जुन्या गाड्यांच्या कामाला वर्षभर सारखा ओघ नसतो, त्यामुळे सुरुवातीला फक्त त्यावर घर चालवायचं ठरवू नका. मी अजूनही आठवड्याचे पाच दिवस नोकरीवर असतो. लेथवाल्याशी, ग्राइंडिंगवाल्याशी, ओतकामवाल्याशी ओळख ठेवा आणि त्यांच्या मशीनपाशी उभं राहून बघा, कारण असं मशीन एकट्या पत्राकामवाल्याच्या जोरावर उभं राहत नाही. आणि एक म्हातारा मिस्त्री शोधा. त्यांना आधी तुमचं काम करून द्यायला सांगू नका, त्यांच्या शेजारी पत्रा धरायला उभे राहा.

मशीनवरचं पहिलं खरं काम होतं जुन्या फियाट ११०० च्या मागच्या मडगार्डचा तुकडा, खालून गंजून गेलेला. लोखंडी पत्रा, २० गेज. चांगल्या बाजूच्या मडगार्डवरून पुठ्ठ्याचे पाच फर्मे काढले, दर चार इंचांवर एक. सलग दोन रविवार तो तुकडा चाकातून गेला. मिस्त्री शेवटच्या दिवशी आले. त्यांनी पत्र्यावर फडकं ठेवलं आणि फडक्यावरून तळहात फिरवला, डोळे मिटून. उघड्या हाताला गुळगुळीतपणा कळतो, फडक्यावरून उंच-सखल कळतं. एका जागी त्यांचा हात थांबला. "इथे अजून दोन ओळी. दाब आहे तेवढाच."

मी दोन ओळी दिल्या. त्यांनी पुन्हा हात फिरवला, काही न बोलता फर्मा लावला, मागून टॉर्च धरली. उजेड आला नाही. मग ते मशीनकडे गेले, पायाने चकती उलटी फिरवून खालचं चाक सोडलं, तेलाचं बोट दोन्ही चाकांवर फिरवलं आणि मधल्या फटीत सुती चिंधी सरकवली. "रात्रभर दाब ठेवायचा नाही याच्यावर," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.